बटणं नसलेला कोट

कॅसलरॉकच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो, तेव्हा दिग्गीकडून लाकडाची गाडी घेऊन एक गृहस्थ येत. धुक्यातून आधी बैलांच्या घंटा ऐकू यायच्या, मग एक खाकी लष्करी कोट तरंगत यायचा आणि सगळ्यात शेवटी त्यातला माणूस दिसायचा.

कोट त्यांच्या धाकट्या भावाचा. तो रजेवर आला तेव्हा कोट घरी ठेवून गेला आणि बसऱ्याच्या लढाईतून परतलाच नाही. ह्यांनी पितळी बटणं काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि कमरेला दोरी बांधली. तंबाखूची तल्लफ आली की ते आधी कोट उतरवून गाडीवर ठेवत, मगच चंची सोडत.

"अहो, बटणं लावा की. थंडी केवढी आहे!" मी एकदा म्हणालो.

"बटणं त्येच्या मानाची हाईत, मास्तर. मला निस्ती ऊब पुरं."

एका सकाळी लोंढ्याच्या गाडीतून एक तरुण शिपाई उतरला. धुक्यात तो कोट आणि पांढऱ्या मिशा पाहून त्याला कुणी सुभेदार वाटले असावेत. त्याने टाचा जुळवून सलाम ठोकला.

ह्यांचा हात वर गेला नाही. त्यांनी सावकाश दोरी सोडली, कोट काढला आणि खांद्यांना धरून आपल्यासमोर उभा केला.

"ह्येला करा," ते म्हणाले. "मी शेतकरी हाय."

शिपायाने पुन्हा सलाम केला. तो संपेपर्यंत हे कोटामागे चवड्यांवर उभे होते. भाऊ त्यांच्याहून उंच होता.