धुळाजीची खरवड

मांजरसुंब्याच्या माळावर धुळाजीची खव्याची भट्टी होती. मिसरूड फुटलं तेव्हा त्यानं उलथणं हातात धरलं, ते केस पिकले तरी खाली ठेवलं नाही. बाभळीचा धूर डोळ्यांत, दुधाची वाफ तोंडावर आणि हात सारखा फिरता. जरा थांबलं की खवा करपला. बोलणं त्याला कधी जमलंच नाही. कुणावर जीव असला तर त्याला खाऊ घालायचं, एवढंच त्याला येत होतं.

भट्टीवाल्यांच्या घरात एक रीत होती. खवा काढून घेतल्यावर कढईच्या बुडाशी जी खरवड राहते ती विकायची नाही. घरातल्या बाळंतिणीला, नाहीतर अशक्त माणसाला द्यायची. त्याची बायको मनकर्णा अंगावर सूज येऊन खाटेला खिळली, हाडं ठणकायला लागली, तेव्हा धुळाजी रोज वाटीभर खरवड घेऊन तिच्यापुढं उभा राहू लागला. दुधानं हाडं बळकट होतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वाटी रिकामी झाल्याशिवाय गडी जागचा हलायचा नाही. शेजारची बायनाबाई म्हणायची, नवरा असावा तर असा. इकडं मनकर्णा अंग ओरबाडून घ्यायची, दंडावर पाठीवर नखांचे ओरखडे उठायचे. दुखणं वाढलं की धुळाजी वाटी आणखी भरायचा.

शेवटी त्यानं तिला बैलगाडीत घालून, घाट उतरून बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादेकडचा, निम्मं उर्दू निम्मं मराठी बोलणारा, पण समजावून सांगणारा. तो म्हणाला, हिचे गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, निकामी होत चाललेत. दुधात, डाळीत फॉस्फेट म्हणून एक द्रव्य असतं. हाडांना ते लागतंच. धडधाकट माणसाचे गुर्दे जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे बाहेर काढतात. हिच्या गुर्द्यांत ते बळ उरलं नाही, म्हणून ते रक्तात साचतं. त्यानं रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो आणि तो भरून काढायला शरीर हाडंच पोखरतं. खाजही बहुतेक त्याचीच. गुर्दे बरे करायला औषध नाही. दूध-खवा बंद केलात तर थोडा आराम पडेल.

धुळाजी घाटभर धुमसत होता. अशक्त माणसाचं दूध तोडणारा हा कसला डॉक्टर? जन्मभर ज्या दुधावर घर चाललं ते दूध बायकोला बाधतं, हे त्याच्या गळी उतरेना. दुसऱ्या दिवशी भट्टी उतरल्यावर तो पुन्हा वाटी घेऊन खाटेपाशी उभा राहिला.

मनकर्णानं वाटी घेतली नाही. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "खरवड खाल्ली की लई खाजतं मला. कवापासून ठाव हाय."

"मग खात कावून होतीस?"

"तुमी उभे राहायचा ना. न्हाई कसं म्हणू?"

धुळाजीनं भट्टीपाशी जाऊन वाटी कुत्र्यापुढं पालथी केली. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

तेव्हापासून मनकर्णा भाकरी आणि दोडक्याची भाजी खाऊ लागली. खाज कमी झाली, पुरती गेली नाही. सूज तर होतीच. ती आता उठायची नाही, हे दोघांनाही कळत होतं. त्यावर बोलायचं त्राण दोघांतही नव्हतं. मोठी पंचाईत वेगळीच होती. काम उरकल्यावर धुळाजी सवयीनं खाटेपर्यंत यायचा आणि दारातूनच माघारी फिरायचा. रिकाम्या हातानं बायकोजवळ कसं बसायचं, हे त्याला माहीतच नव्हतं.

एके संध्याकाळी तिनंच त्याला हाक मारली. तो खाटेच्या कडेला अवघडून टेकला. ती कण्हत कुशीवर वळली आणि म्हणाली, "आज काई आणू नका. पाठीवर हात फिरवा."

उलथणं धरून धरून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. ते तिला बोचतील म्हणून त्यानं हात उलटा केला आणि तो बोटांच्या मागच्या बाजूनं, कढईत फिरवायचा तसाच न थांबता, तिची पाठ चोळत राहिला.