विमलताईंना हवी होती तक्रार

विमलताई साळवे यांना काहीही द्या, त्या त्यात खोट काढत. मी जपानमधल्या ग्योतोकूत नवीन होते. खालच्या मजल्यावर मराठी बाई राहतात असं कळलं, म्हणून हौसेनं नारळाच्या वड्या करून घेऊन गेले. त्यांनी दारातच एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीय. आणि घाईत उतरवलंस." ओळख ना पाळख! मी पुण्याची. अपमान करण्याचा मक्ता आमच्याकडेच असतो, अशी माझी समजूत होती. मी तोंड पाडून वर आले आणि नवऱ्याजवळ त्यांना भरपूर नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या डबा परत द्यायला आल्या. डब्यात शेंगदाण्याची चटणी होती. "खाऊन बघ आणि काय चुकलंय ते सांग," म्हणाल्या. मी "छान आहे" म्हटलं, तर दारातून हलायला तयार नाहीत. "छान सोड. चुकलंय काय?" शेवटी वैतागून मी म्हटलं, "मीठ कमी पडलंय." त्यांचा चेहरा एकदम खुलला. चपला काढत म्हणाल्या, "हां! आता आत येते. चहा टाक."

विमलताई नगरच्या. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. साळवेकाका इंजिनियर, आणि ताई इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. दर रविवारी त्या जवळच्या उरायासुच्या एका छोट्या जपानी चर्चमध्ये जात. त्यांचं जपानी मात्र भाजीची खरेदी आणि कचरा टाकायचे ठरलेले वार यापुढे कधी गेलं नाही. मी एका आयटी कंपनीत जपानी भाषांतराचं काम करते हे कळल्यावर त्यांनी मला तिथे ओढलंच. "अहो, मी देवळात सुद्धा चतुर्थीपुरती जाते, चर्चमध्ये काय करू?" असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "प्रार्थना माझी मी करीन. तू नुसतं भाषांतर कर."

काम असं होतं. ते चर्च दरवर्षी मलावीतल्या एका खेड्यातल्या चर्चला खोकी पाठवायचं. कपडे, बूट, वह्या, टॉवेल आणि नाताळसाठी मुलांना खेळणी. या सगळ्याच्या प्रमुख होत्या नाकामुरा-सान, आपल्या भाषेत नाकामुराबाई. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, आवाज कधी वर नाही आणि शिस्त कधी खाली नाही. खोक्याची चिकटपट्टी वाकडी लागली की त्या काही न बोलता ती काढून पुन्हा लावत. मलावीहून आभाराची पत्रं येत, ती फलकावर लागत. 'सर्व वस्तू अतिशय सुंदर आहेत. देव आपले भले करो.' माणसं ती वाचत आणि पुढच्या वर्षी आणखी काही आणून देत.

विमलताईंना त्या पत्रांचा मनस्वी तिटकारा होता. "दोन वर्षं झाली, सगळं सुंदर! एक बूट घट्ट झाला नाही? एक सदरा उसवला नाही? विद्या, ही माणसं आपल्याशी खरं बोलत नाहीत गं."

एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला वाटे. एका शनिवारी खोकी भरताना लोकरीचे हातमोजे हातात आले आणि विमलताई तिथेच बसून सांगायला लागल्या. लहानपणी त्या नगरच्या मिशनच्या वसतिगृहात होत्या. नाताळाच्या आधी परदेशातून पेटी यायची. एका वर्षी सगळ्या मुलींना असेच हातमोजे आले. ते कशासाठी, हेच कुणाला कळेना. कुणी बाहुलीला झबलं म्हणून घातले, आणि शेवटी स्वयंपाकीणबाईंनी गोळा करून चुलीवरचं पातेलं उतरवायला घेतले. "आणि मग बसलो ओळीनं पत्र लिहायला. मॅडम सांगणार, आम्ही लिहिणार. आम्हाला हातमोजे फार फार आवडले. आयुष्यातलं पहिलं खोटं मी आभाराच्या पत्रात लिहिलं बघ. नाही लिहिलं तर पुढची पेटी यायची नाही ही भीती." मोजे त्यांनी घडी करून बाजूला ठेवले. "दानाला नावं ठेवता येत नाहीत. आहेराला ठेवता येतात. लग्नात मावशीला साडी आवडली नाही की मावशी रुसते की नाही? का रुसते? कारण ती मावशी आहे. मांडवाबाहेर जेवायला बसलेल्याला रुसता येत नाही."

मग त्यांनी हट्टच धरला. या वेळी खोक्यांबरोबर विचारायचं, की मागच्यातलं काय आवडलं नाही ते कळवा. बैठकीत मी हे जपानीत सांगितलं, ते कुणालाच रुचलं नाही. दिलेल्या भेटीतला दोष विचारायचा म्हणजे समोरच्याला संकटात टाकायचं. शिवाय नाकामुरा-सानांची भीती वेगळीच होती. तक्रार आली आणि ती फलकावर लागली, तर देणारे दुखावतील, द्यायचे थांबतील, आणि इतक्या वर्षांचं काम बंद पडेल. त्या म्हणाल्या, "विमल-सान, मुलांना बूट मिळणं महत्त्वाचं की आपल्याला खरं कळणं?" मी भाषांतर केलं. ताई हळू म्हणाल्या, "बूट मिळाले होते मला. मी त्याबद्दल नाही बोलत." शेवटी ठरलं असं, की चर्चच्या नावानं काही विचारायचं नाही. विमल-सानांना लिहायचंच असेल तर त्यांनी स्वतःच्या नावानं लिहावं.

ताईंनी लिहिलं. मलावीतल्या महिला मंडळाच्या प्रमुख ग्रेसबाई, त्यांना थेट फोनवर इंग्रजीतून संदेश. पण विचारलं काहीच नाही, उलट स्वतःच तक्रार केली! मागे तिकडच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले होते तेव्हा त्यांनी एक खोल टोपली आणि तिचं गोल झाकण भेट दिलं होतं. ताईंनी लिहिलं, 'टोपली सुरेख आहे, पण झाकण काही नीट बसत नाही. विणताना लक्ष कुठे होतं तुमचं?' मी कपाळाला हात लावला. "अहो ताई, हे काय केलंत?" तर म्हणाल्या, "अगं, विहीणबाईंशी सूत जमवायचं तर आधी आपण एक टोमणा मारायचा असतो. त्याशिवाय त्या कशा मारणार?"

उत्तर आलं नाही. आठवडे गेले, महिने गेले. ताईंचा संदेश पोचल्याची खूण दिसत होती, पण पलीकडून शब्द नाही. नाताळची खोकी गेली, तरी या वेळी आभाराचं पत्रसुद्धा आलं नाही. फलकावरची जागा रिकामी राहिली. शनिवारी नाकामुरा-सान ताईंच्या हातात कामच देईनात. ताई घडी घातलेल्याच कपड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसायच्या. ट्रेनमध्ये एकदा मला म्हणाल्या, "माझ्या खाजेपायी त्या पोरांची खोकी बंद पडली तर गं?" त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

त्याच वसंतात साळवेकाका निवृत्त झाले आणि दोघं नगरला परतली. "गुडघे गेले बाई, इथले जिने नकोत आता," असं ताईंनी सांगितलं. मी विश्वास ठेवला.

त्या गेल्यावर मी चर्चमध्ये जायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण सवय लागली होती. जूनमधल्या एका शनिवारी खोकी भरताना माझा फोन वाजला. ग्रेसबाईंचा आवाजी संदेश ताईंनी मला पुढे पाठवला होता, खाली एकच ओळ: 'सगळ्यांना ऐकव. एक शब्द गाळलास तर बघ.'

मी तो ऐकला आणि जपानीत सांगायला उभी राहिले. भाषांतरात धार बोथट करायची मला नोकरीची सवय आहे. त्या दिवशी केली नाही. ग्रेसबाई म्हणत होत्या: 'तुमचा निरोप वाचून आमचं मंडळ फार रागावलं होतं, म्हणून बोललो नाही. ते झाकण नाहीच! ते धान्य पाखडायचं सूप आहे. दोन वेगळ्या भेटी एकमेकींवर बसवता आणि आम्हाला नावं ठेवता? आता तुम्ही सुरुवात केलीच आहे तर ऐका. तुमचे टॉवेल इतके पातळ आहेत की तोंड पुसलं तर टॉवेल भिजतो, तोंड तसंच. बूट फार अरुंद, आमच्या मुलांची बोटं तुमच्या मुलांसारखी घडी होत नाहीत. आणि टॉवेलवर जे लिहिलंय ते काय आहे? आमच्या बायका ते टॉवेल खांद्यावर घेऊन उपासनेत गातात. लोक विचारतात, तर मी बायबलातलं वचन आहे म्हणून सांगते. ते वचनच असू द्या!'

नाकामुरा-सान उठल्या, समोरच्या खोक्यातून तसला एक टॉवेल काढला. इथले दुकानदार नववर्षाला गिऱ्हाइकांना वाटतात ना, त्यातला. चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं. उरायासुतल्या एका मासळीच्या दुकानाचं नाव, आणि खाली 'रोज ताजे'. त्यांनी तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. मग डोळे पुसून त्यांनी मला ग्रेसबाईंना विचारायला सांगितलं, की बूट किती रुंद हवेत, पायांची मापं कागदावर काढून पाठवता येतील का.

बाहेर येऊन मी नगरला फोन लावला. ताईंचा आवाज खोल गेला होता, पण हसत होत्या. मी घडलेलं सगळं सांगितलं. मासळीच्या दुकानाचं त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "रुसल्या होत्या गं, विद्या! चक्क रुसून बसल्या होत्या. जो रुसला तो आपला. आता कुणी आभाराचं पत्र मागू नका त्यांच्याकडे."

पुढच्याच महिन्यात काकांचा फोन आला. ताई गेल्या. आजार जपानमध्ये असतानाच कळला होता, गुडघ्यांचं नुसतं निमित्त. "तुला सांगू नको म्हणाली होती. उगाच धावपळ करशील म्हणून," काका म्हणाले.

उरायासुच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. पाळक चांगलं बोलले, नाकामुरा-सान पांढरी फुलं घेऊन आल्या होत्या. सगळे त्यांचे आभार मानत होते. माझी पाळी आली तेव्हा मी उठले नाही. माझ्या वड्यांत साखर जास्त झाली हे दारातच सांगणाऱ्या बाईंनी एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली. मी रुसले आहे त्यांच्यावर. अजूनही.