मुलाखत वरच्या मजल्यावर होती

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. गुडघ्यावर हात दाबून चालते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते एखाद्या धडधाकट माणसानं केलं असतं, तर त्याला चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

आमच्या पतसंस्थेचं ऑफिस आमच्या जिल्ह्याच्या गावी नवी पेठेत, एका कापड दुकानाच्या वर. बावीस पायऱ्या, अरुंद, मध्येच वळण. तीस वर्षांपूर्वी बार्शीहून मुलाखतीला आले तेव्हा तो जिना मी बसून चढले होते. पाठमोरी, एकेक पायरी, साडी मुठीत धरून. दुकानातली गिऱ्हाइकं कापड निवडायचं सोडून बघत होती. वर पोचल्यावर तेव्हाच्या अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "जिद्द बघा पोरीची!" नोकरी लागली. पुढं ही गोष्ट दर वार्षिक सभेत कुणी ना कुणी सांगायचंच, आणि मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात क्लार्कच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. घेणारे तिघं: आताचे अध्यक्ष, मॅनेजर आणि मी. मला का घेतलं होतं तेही ठाऊक आहे. एक बाई दाखवायची होती आणि एक अपंग दाखवायचा होता. एकाच खुर्चीत दोन्ही कामं झाली.

अर्जांत उजनी धरणाकाठच्या गावातली एक मुलगी होती. बी.कॉम., टायपिंग झालेलं, मार्क सगळ्यांत जास्त. शेतातल्या अपघातात दोन्ही पाय निकामी झालेत, कुबड्या वापरते, असं तिनं स्वतःच लिहिलं होतं. अर्ज वाचून मला वाटलं होतं, हिला घ्यायचीच.

आमच्याकडं शिपाई गॅलरीत उभा राहून नाव पुकारतो. तीन पुकारे. तेवढ्यात उमेदवार आत आला तर ठीक, नाहीतर गैरहजर. आधीचे चौघं आले, बोलले, गेले. मग तिचं नाव पुकारलं. खालून आवाज आला, "हजर!" आत कुणी आलं नाही. दुसरा पुकारा. परत खालून, "हजर!" शिपाई दारात येऊन म्हणाला, "ती पोरगी खाली दुकानाच्या कट्ट्यावर बसलीय. जिना जमत न्हाय म्हणती."

मॅनेजर तरुण आहे, भला आहे. तो उठलाच. "आपणच खाली जाऊ की. दहा मिनिटांचं काम."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, जिला ती मुलगी हवीच होती ती मी, म्हणाले, "मग बाकीचे चौघं वर आले त्यांचं काय? एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा? मी आले होते तेव्हा कोण खाली उतरलं होतं?"

"बाईच म्हणतायत म्हणजे प्रश्न मिटला," अध्यक्ष म्हणाले. किती सुटल्यासारखे दिसले! तिसरा पुकारा झाला. खालून तिसऱ्यांदा "हजर!" आलं, जरा मोठ्यानं. तिच्या नावापुढं मी "गैरहजर" लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायचं काम नेहमी माझ्याकडं.

संध्याकाळी जिना उतरले तर ती आणि तिचे वडील दुकानाच्या कट्ट्यावर तसेच बसलेले. वडील हात जोडून उठले. "बाई, तुमी बी तशाच हाय की. तुमाला कळंल म्हनून थांबलो हुतो." ती कुबड्या सावरत उठली, "चला आबा" म्हणाली आणि रिक्षाकडं गेली.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. डोंबल कळे! मी त्याच वंशातली ना?

तेव्हापासून जिवाला चैन नाही. पोळ्या करपतात, नवऱ्यावर विनाकारण खेकसते, जिन्याच्या वळणावर पोचले की तिथंच उभी राहते आणि स्वतःशी भांडते. नियम सगळ्यांना सारखाच होता ना? होता. मग माझं काय चुकलं? त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला होता का? ती खाली बसून ठणकावून सांगू शकली, मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही. हे कुणापुढं कबूल करायचं?

निवडलेला उमेदवार पंधरा दिवसांत पुण्याला पळाला. मी अध्यक्षांच्या मागं लागले, त्या मुलीला परत बोलवा. ते म्हणाले, "बोलवा, पण सगळं तुमचं तुम्ही बघायचं." मी तडक खाली कापड दुकानात गेले. मालकाला म्हटलं, मुलाखतीसाठी मागची खोली तासभर देता का?

"घ्या की! शेजारचा गाळा बी आमचाच हाय, कवाचा रिकामा पडलाय," ते म्हणाले. "अहो, इतकी वर्षं तुमी गुडघा धरून चढताय, आमी बघतोय. एका शब्दानं बोलला न्हाईत कधी."

मला असा संताप आला! त्यांचा, संस्थेचा, आणि सगळ्यांत जास्त त्या वार्षिक सभांत मान डोलावणाऱ्या माझा. वर येऊन धापा टाकत तिला फोन लावला. माफी मागितली. मुलाखत खाली घेतोय म्हणाले, आणि म्हणताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

ती म्हणाली, "मॅडम, मला जिना चढता येतो. कॉलेजात तीन वर्षं बसून चढले. मुलाखत खाली घ्याल, पण नोकरी कुठं असंल? लागली तर रोज बसून चढायचं का?"

"विचारून सांगते," एवढंच म्हणाले.

"विचारा. मी थांबते," ती म्हणाली.

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तो तसाच हातात धरून, खालच्या रिकाम्या गाळ्याचं विचारायला उठले आणि अध्यक्षांच्या केबिनचं दार ढकललं.