ओट्यावरचा इमानी माणूस

धारूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी मशीन टाकून बसायचा. तेव्हा रीतच तशी होती, ओटा दुकानदाराचा, मशीन शिंप्याचं. गिऱ्हाईक कापड घ्यायच्या आधी त्यालाच विचारायचं, "पँटीला किती लागंल?" तो माणसाला खालून वर न्याहाळायचा आणि लागेल त्याहून थोडं जास्तच सांगायचा. वडील आत कात्री चालवत खुशीत म्हणायचे, "इमानी माणूस हाय." गिऱ्हाइकाला टोपी घालणाऱ्याला इमानी म्हणायचं, याचं मला लहानपणीही हसू यायचं. पण आमच्याशी तो इमानी होता, हेही खरंच.

नव्वदीनंतर बसस्टँडसमोर रेडिमेडचं दुकान निघालं. काचेच्या दाराआड जीन्स टांगलेल्या. बीडला कॉलेजात जाणारी पोरं आमच्या ताग्यांकडे ढुंकूनही बघेनात. त्यातच कुणीतरी वडिलांचे कान भरले, "तुमचा शिंपी तिथं चहा पिताना दिसला." झालं! त्या दिवसापासून वडिलांचं लक्ष कापडापेक्षा ओट्यावर जास्त. तो दुपारी जेवायला गेला की घड्याळ बघायचे. त्यानं कापड बेतानं सांगितलं, तर रात्री घरी म्हणायचे, "आता आपला फायदा कशाला बघंल त्यो?" जास्त सांगितलं, तर, "दुसऱ्याला फसवतो, त्यो आपल्याला सोडंल व्हय?" म्हणजे बिचाऱ्यानं करायचं तरी काय? मला भयंकर राग यायचा. पण शंका साथीच्या रोगासारखी लागते. हळूहळू मलाही त्याचं हसणं खोटं वाटायला लागलं.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, चार गिऱ्हाइकांदेखत, वडिलांनी विचारलंच, "काय बे, तिकडं कधी जायलास?"

शिंप्यानं पायडलवरचा पाय काढला.

"त्यांनी बोलावलं म्हणून एकदा गेलतो, आप्पा. जागा देतो म्हणले. मी न्हाई म्हणलो. मग म्हणले, तुजा मालक आज ना उद्या तुज्यावर शक घेणार. मी म्हणलो, आमचे आप्पा तसले न्हाईत."

वडिलांचा एक शब्द पुरला असता. ते खाली बघून कापड घडी करत राहिले. त्यानं मशीन हातगाड्यावर चढवलं.

पुढच्या बाजारात तो रेडिमेडच्या दारात बसून जीन्सचे पाय आखूड करताना दिसला. वडील त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. आईला म्हणाले, "बघ, मी म्हणलो नव्हतो?"