पत्रिकेवरचं आडनाव

आबांच्या अर्ध्या तोंडाला रंग लावून झाला होता. उरलेलं अर्धं तसंच. आरशातूनच माझ्याकडे बघत त्यांनी लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना पुढे केला.

"पाहुणं, एवढं नजरंखालनं घाला. तुमचं नाव हाय. आडनाव तेवढं काढलंय."

मी वाचलं. मुलीच्या नावाखाली माझं नुसतं पहिलं नाव. त्याच्या आधीचं, आम्ही बौद्ध लावतो ते 'आयु.' जाऊन 'श्री.' आलेलं. गावही नाही. त्या जागी 'तासगावचे प्रसिद्ध बेदाणा व्यापारी'.

"आमाला काय न्हाई ओ," आबा म्हणाले. "पर गावाकडं लोक पत्रिकेत आडनावच आधी बघत्यात."

सांगलीच्या नाट्यगृहातली रंगपटाची खोली. दुपारचा प्रयोग. आबा माझे होणारे व्याही. औंधकडचे, ऊसवाले, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. हौसेनं नाटकात काम करतात. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा शिरवळच्या एका कंपनीत एकत्र कामाला; तिथंच जमलं. नाटकही तसंच. मुलगा परजातीतली मुलगी पसंत करतो, जुन्या वळणाचे आईबाप घर डोक्यावर घेतात, लोक हसतात, आणि शेवटी ते तिला सून करून घेतात. बापाचं काम आबांचं. पहिल्या रांगेचे पास त्यांनीच दिले होते.

शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बाईचा मी मुलगा. आज तासगावच्या सौद्यात मी बेदाण्याची मूठ उघडली की बाकीचे बोलायचे थांबतात. माझा राग सगळ्या बाजाराला माहीत आहे. कुणी माझ्या मालाला नाव ठेवलं तर मी पोती उचलून चालायला लागतो.

त्या दिवशी राग आलाच नाही. कागद मी खिशात घातला.

"बघतो," मी म्हणालो.

सौद्यात 'बघतो' म्हणणारा आपल्या भावावरून अर्धा उतरलेला असतो. हे मीच दहाजणांना शिकवलं आहे.

याआधी मी तीनदा उतरलो होतो. लग्न तुमच्या गावात नको म्हणाले, सांगलीचा हॉल धरला. बुद्धवंदना मांडवात नको म्हणाले, ती आदल्या दिवशी घरात ठेवली. पत्रिकेवर बुद्धाचं चित्र नको म्हणाले, तेही सोडलं. प्रत्येक वेळी आबांनी दारात चप्पल घालता घालता विचारलं होतं. जाता जाता मागितलेली गोष्टच माणसाला पहिल्यापासून हवी असते. परक्याच्या सौद्यात मला हे लगेच कळतं.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी मी तो कागद मुलीला दाखवला. तिनं वाचला. घडी घालून परत दिला.

"तुम्ही काय म्हणालात, पप्पा?"

"बघतो म्हणालो."

"म्हणजे उतरलात." ती माझ्याबरोबर सौद्यावर आलेली पोरगी आहे. "माझ्या नावाचा सौदा कुणाला विचारून केला?"

मी चहा पिऊन टाकला. 

शेवटच्या प्रवेशात आबांनी रंगमंचावर लग्नपत्रिका हातात घेतली. सुनेच्या बापाचं नाव, आडनावासकट, खड्या आवाजात वाचलं आणि म्हणाले, "हे माझे व्याही." नाट्यगृह उभं राहिलं. शेजारची बाई डोळे पुसत होती. मीसुद्धा टाळ्या वाजवत होतो. हात आपोआप चालत होते. मुलीचे हात मांडीवर होते.

ते बघितलं आणि माझे थांबले. खिशातून पेन काढलं. नमुन्यावर 'आयु.' लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं, गावातली आमची वस्ती लिहिली.

पडदा पडल्यावर आबा रंगलेल्या तोंडानं बाहेर आले. लोक फोटो काढत होते.

"कसं वाटलं, पाहुणं?"

मी कागद त्यांच्या हातात दिला. "आत्ता वाचलासा तसं हे वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं, पण मनात. मग आजूबाजूला बघितलं.

"हितं नको. घरी बोलू."

"घरी लय बोललो, आबा. हितंच वाचा."

"तुमी लय ताणताय," ते हळूच म्हणाले. कागद त्यांनी नाटकातल्या कोटाच्या खिशात घातला आणि फोटोसाठी वळले.

पत्रिका मी तासगावात छापून घेतल्या. वर बुद्धाचं चित्र. माझं आडनाव ठळक. प्रूफ मुलीनं तपासलं. आबांचा मुलगा तिला 'थोडं थांब' म्हणाला आहे. ती म्हणते, तो आला तर ह्याच पत्रिका वाटायच्या. नाही आला तर गठ्ठा राहू दे. लग्न करायचं की मोडायचं ते तिचं ती ठरवेल.

गठ्ठा दुकानात दर्शनी ठेवला आहे. येणारा-जाणारा वाचतो. परवा आबांचा फोन आला होता.

"निम्म्यावर या की. आडनाव बारीक अक्षरात घालू."

"न्हाई," मी म्हणालो.

'बघतो' म्हणणं मी सोडलं आहे.