मंगळवारची सुट्टी कुणाला हवी होती

सुपरवायझर होऊन मला सहा वर्षं झाली, तरी माणसं चालवणं जमतं का असं कुणी विचारलं तर मी अजून चाचपडतो. मशीनचं बरं असतं, बेअरिंग गेलं की आवाज बदलतो. माणसं मात्र 'बरं साहेब' म्हणतात, आणि त्या 'बरं'मधून मला अजून काही उमगत नाही.

आमचा कारखाना बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आम्ही व्हॉल्व्हचे भाग बनवतो. मालक निपाणीकडचे, तंबाखूच्या व्यापारातल्या जैन घराण्यातले. हिशेबाला कन्नड, रागाला मराठी. त्यांनी मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या बाईंनी सांगितलं की माणसाला निर्णय आपला वाटला तर तो मन लावून काम करतो, म्हणून विचारा, मत घ्या. मी वहीभर लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, जेवणही चांगलं होतं. परत आलो तो आता सगळ्यांना विचारूनच चालायचं, असं ठरवून.

विचारायला विषयही आयता मिळाला. आमचे बहुतेक कामगार आमच्याच गावचे, बेळगुंदीच्या पलीकडचे. त्या वर्षी गावात देवीची यात्रा होती. ती पुष्कळ वर्षांनी भरते, आणि तिच्याआधी काही आठवडे गाव वार पाळतं. आमचा वार मंगळवार. त्या दिवशी शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही. औत नाही, विळा नाही, खुरपं नाही. घरी बसायचं. मला वाटलं, यात्रेपर्यंत साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी मंगळवारी दिली तर लोक खूश होतील. मालक म्हणाले, "आयतु, बरं, बघा करून. पण रविवारी माल तयार पाहिजे."

चहाच्या सुट्टीत मी एकतीस माणसांना ड्रिलिंग मशीनपाशी गोळा केलं आणि विचारलं. आमचा सगळ्यात जुना टर्नर म्हणाला, "देवीचा वार हाय. त्या दिवशी मशीन बंद असलेलं बरं." आता वार शेतीचा होता, मशीनचा नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही. पण हे बोलणार कोण? हात वर गेले. पहिला कुणाचा गेला यावर आमच्यात अजून एकमत नाही. ते म्हणतात माझा. मला आठवतं त्याप्रमाणे मी त्यांचे बघून वर केला. काही असो, एकतीसच्या एकतीस हात वर होते, आणि मला फार बरं वाटलं.

आता घोळ काय झाला तो बघा. आमच्याकडचा कामगार सहा दिवस कारखान्यात असतो आणि सातव्या दिवशी शेतात. सुट्टी म्हणजे विश्रांती, हे प्रशिक्षणातल्या बाईंचं गणित. आम्ही सगळ्यांनी मिळून, एकमताने, शेतात जाता येत नाही तोच दिवस सुट्टीचा करून घेतला होता. मंगळवारी सगळे धुतलेले कपडे घालून देवळाच्या कट्ट्यावर जांभया देत बसायचे. मीही त्यांच्यातच बसायचो. आणि रविवार आला की निम्मी माणसं शेतात, मशिनी निम्म्या बंद.

मी चिडलो. मला राग लवकर येतो, आणि आला की तो चुकीच्या माणसावर जातो. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं की मंगळवार तुम्हीच मागितला ना? प्रत्येकाचं उत्तर तेच. बाकीच्यांना पाहिजे होता, मग आपण कशाला आडवं जायचं. त्या जुन्या टर्नरलाही विचारलं. तो म्हणाला, मी तर आपलं बोलायचं म्हणून बोललो, तुम्ही लगेच धरून बसलात. मी अक्षरशः डोकं धरून बसलो.

यात सगळ्यात जास्त अडकली ती आक्का. ती आमच्याकडं तपासणीला होती. हातात मापाचं गेज घेऊन दिवसभर तुकडे बघायची, आणि तिनं पास केलेला माल गिऱ्हाइकाकडून कधी परत आला नाही. सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर या वर्षी तिचं नाव कायम करायच्या यादीत चढलं होतं. मीच ते सुचवलं होतं. यादी मार्चअखेर निघायची, आणि त्याआधी तीन दिवस विनारजा घरी राहिलं की नाव कटणार, असा नियम होता.

आक्काचा मसूर काढणीला आला होता. मसूर पहाटेच्या दवात उपटावा लागतो. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. नवऱ्याची कंबर धरलेली, मजूर मिळेना. पहिल्या रविवारी तिनं रजा मागितली, मी दिली. पुढच्या रविवारी आठ जणांनी मागितली, तेव्हा मी कुणालाच दिली नाही. न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं, असं मला वाटलं. त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही आली नाही. आता एकच दिवस उरला होता, आणि मसूर अजून अर्धा उभा होता.

मग मी पुन्हा मीटिंग घेतली. या वेळी मालकही येऊन उभे राहिले. मी विचारलं, रविवार परत कुणाला पाहिजे? मला खात्री होती की एकतीस हात वर येतील. बाजूला घेतल्यावर प्रत्येकानं मंगळवार आपल्याला नको होता असंच तर सांगितलं होतं.

एकच हात वर आला. आक्काचा.

बाकीचे कुणी जमिनीकडं बघत होते, कुणी मशीनच्या पट्ट्याकडं. वार अजून संपायचे होते, यात्रा तोंडावर होती. देवीचा दिवस नको असं मालकासमोर, गावासमोर कोण म्हणणार? उद्या कुणाचं जनावर दगावलं किंवा कुणी पडलं-झडलं तर बोट कुणाकडं जाईल? हे मी आज सांगतोय. तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. आक्का हात वर धरून माझ्याकडं बघत होती. मला रविवार पाहिजे होता. माझाही वाटाणा शेतात उभाच होता. पण माझा हात पॅन्टच्या खिशात होता आणि तो तिथंच राहिला. मालक म्हणाले, एकाला तीस, झालं तर मग. मंगळवार कायम.

पुढच्या रविवारी आक्का आली नाही. सोमवारी तिचं नाव यादीतून कटल्याच्या पत्रावर मला सही करावी लागली. तिनं ते वाचलं, गेज पुसून टेबलावर ठेवलं आणि गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर दहा दिवसांत परत आलेल्या मालाचा ढीग बघून मालकांनी कुणालाही न विचारता फळ्यावर नोटीस लावली: सुट्टी रविवारी. सगळे खूश झाले. कुणी देवीचं नाव काढलं नाही. तो टर्नर तर म्हणाला, असं ठाम पाहिजे. मी माझ्या वहीतली पानं उलटून बघितली, पण त्यात यावर काही नव्हतं.

मालकांनी मला आक्काला परत आणायला पाठवलं. कंत्राटावर घेऊ, यादीचं पुढच्या वर्षी बघू, असा निरोप होता. ती अंगणात बसून मसूर बडवत होती. मी निरोप सांगितला. तिनं काठी खाली ठेवली.

"साहेब, त्या दिवशी मी तुमच्याकडं बघत होते. तुमाला मंगळवार पाहिजे होता काय?"

"न्हाय."

"मग हात का वर आला न्हाय?"

मी सांगायला लागलो की सुपरवायझरनं कुणाची बाजू घ्यायची नसते, मत लोकांचं असतं, मालक समोर होते. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटलं आणि मी थांबलो. खरं कारण शोधायला गेलो तर हाताला लागेना. भीती म्हणावी तर मला कुणी धमकावलं नव्हतं. श्रद्धा म्हणावी तर मी मंगळवारी कट्ट्यावर बसून मनात देवीला शिव्याच घालत होतो. शेवटी म्हणालो, "ठाऊक न्हाय, आक्का." मला फार लाज वाटली, कारण ते खरं होतं.

तिनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. तुकडा गेजात बसतोय की नाही हे ती ज्या नजरेनं बघायची, तसं.

"मग मी कुणाच्या भरवशावर परत यायचं?" ती म्हणाली, आणि काठी उचलली.