तोकीचे डोळे

कुनिएबाईंच्या हाताखाली मी एकवीस वर्षं त्यांच्या चित्रांत शाई भरली. केस काळे करायचे, पापण्या काढायच्या आणि बाई चिडल्या की गप्प बसायचं, एवढंच माझं काम. मुलींच्या चित्रकथा पूर्वी पुरुषच काढायचे. बाई पहिल्यांदा पानं घेऊन टोकियोतल्या एका मासिकाच्या कचेरीत गेल्या, तेव्हा संपादक इनागाकी म्हणाले, "वडिलांनी पाठवलंय का? छान काढतात हं."

"वडील नाहीत. मीच काढते," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या अंकातल्या मुली ना, झगा घातलेल्या काकांसारख्या दिसतात."

पानं छापली गेली.

त्यातली मुलगी म्हणजे बाईंची धाकटी बहीण तोकी. युद्धाच्या शेवटच्या मार्चात बाँबच्या आगीतून पळताना बाईंच्या हातातून तिचा हात सुटला. सहा वर्षांची होती. घराबरोबर फोटोही जळले. पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून बाईंनी तिचं चित्र काढून ठेवलं. उदबत्तीच्या धुरानं ते पिवळं पडायचं. मग दर उन्हाळ्यात, बोनला पितर घरी येतात तेव्हा, बाई जुन्यावरून नवं चित्र काढायच्या आणि पितरांना निरोप द्यायला दारात विस्तव पेटवला की जुनं त्यात टाकायच्या.

"एवढा खटाटोप कशाला, बाई?" मी एकदा विचारलं.

"घरात तिला स्वतःचं तोंड दिसायला नको? नाहीतर परक्याचं घर समजून माघारी जाईल."

मासिक खपायला लागलं तसे इनागाकी दरवर्षी म्हणायचे, "डोळे आणखी मोठे करा. मुलींची पत्रं येतायत."

"एवढे डोळे बैलाला असतात," बाई फणकारायच्या, पण करायच्या. हाताला तेच वळण लागलं. देव्हाऱ्यातल्या तोकीचेही डोळे वाढत चालले. मला ते दिसत होतं आणि मी बोलले नाही. एका वर्षी बाईंचं मनगट दुखत होतं, तर त्या चित्राच्या लांब पापण्या मीच भरल्या. सवयीनं बुबुळात पांढरी चांदणीही ठेवली. त्याची लाज मला अजून वाटते.

पूर्वी बोनच्या संध्याकाळी बाई काकडीला काड्या टोचून पितरांसाठी घोडा करायच्या, दाराकडे कान देऊन बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "आली." मी पापण्या भरल्या त्या वर्षी मीही ऐकलं. लहान लाकडी चपला गल्लीतून टकटक करत उंबऱ्याशी आल्या, थांबल्या आणि परत गेल्या. मी दार उघडलं. कुणी नव्हतं.

"का गेली गं?" बाईंनी मला विचारलं. मी उरलेल्या काड्या आवरत राहिले.

दोन वर्षांनी जुन्या गल्लीतल्या सेगावाकाकू आल्या. युद्धात गावी पाठवलेली त्यांची पेटी भावाच्या माळ्यावर सापडली होती. त्यांनी एक फोटो पुढे केला. जत्रेच्या कपड्यांतल्या दोन मुली.

"ही तुमची हारुए," बाई हसून म्हणाल्या. "आणि ही बारीक डोळ्यांची कोण? गोड आहे."

"चेष्टा करतेस होय गं? तुझी तोकी ना ती!"

बाई चेष्टा करत नव्हत्या. काकूंच्या ते उशिरा लक्षात आलं. मग त्यांनी चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाई तो फोटो समोर ठेवून काढत होत्या. दर वेळी डोळे मोठेच यायचे. आठ कागद फाडले. शेवटी लेखणी माझ्याकडे दिली.

"तू काढ, नोबु."

मी काढलं. माझा हात त्यांनीच घडवलेला. मोठेच आले.

बाई उठल्या. देव्हाऱ्यातलं चित्र काढून त्यांनी तिथे फोटो ठेवला, उदबत्ती लावली आणि गुडघे टेकून बसल्या. मग नव्या बिऱ्हाडातल्या लेकराशी बोलावं तसं जपून, जरा संकोचून त्या म्हणाल्या,

"नमस्कार. मी कुनिए. मी तुझी ताई लागते."